पंचगंगेत पोहलेल्यांसाठी बुडालेल्या जहाजाची वाट: कोल्हापूर ते तुलांबेन

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याची भीती घालण्यात अर्थ नसतो. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली, पुढे पंचगंगेच्या घाटावर सूर आणि मुटके मारत मोठी झालेली माणसं इथे घरोघरी आहेत. वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू याच गावचा. त्यामुळे मालवणला पंधरा-वीस मिनिटांचं स्कूबा करून आलेल्याला परतीच्या घाटातच पुढचा प्रश्न पडतो: समुद्रात बुडालेलं खरं जहाज बघायचं असेल तर?

बघता येतं, आणि वर्षभर आधी तयारीला लागलात तर बिनधास्त बघता येतं. मात्र चांगला पोहणारा आपोआप चांगला डायव्हर होत नाही. पोहणाऱ्याच्या अंगात तीन सवयी मुरलेल्या असतात: पाण्यात शिरताना श्वास कोंडायचा, पुढे जायला हात मारायचे आणि लवकर पलीकडे पोचायचं. गंजलेल्या पत्र्यांच्या आणि प्रवाळाच्या गर्दीत नेमक्या या तीनच सवयी अंगाशी येतात. खाली जे सांगितलंय, त्यातलं निम्मं शिकण्यासाठी आहे आणि निम्मं या सवयी सोडण्यासाठी.

कोणतं जहाज

पहिल्या रेक डाइव्हसाठी (रेक म्हणजे बुडालेलं जहाज) माझं मत ठाम आहे: बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेन गावातलं ‘लिबर्टी’. बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि पाच मिनिटांत जहाज समोर.

त्याची गोष्टही मजेदार आहे. हे १९१८ साली अमेरिकेत बांधलेलं, सुमारे १२५ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपीन्सकडे रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन निघालं होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. एक अमेरिकन आणि एक डच अशा दोन विनाशिकांनी ते ओढत सिंगराजा बंदराकडे न्यायला घेतलं, पण पाणी इतकं भरलं की शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावं लागलं. वीसएक वर्षं ते तिथे किनाऱ्यावरच पडून होतं. मग १९६३ साली शेजारचा अगुंग ज्वालामुखी भडकला, आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरत समुद्रात गेलं. म्हणजे ते जिथे पडलंय तिथे ते बुडालेलंच नाही. बरेच जण याला ‘लिबर्टी’ वर्गातलं युद्धकालीन जहाज समजतात. त्या वर्गातली जहाजं १९४१ पासून बांधली गेली, हे त्यांच्या कितीतरी आधीचं.

आज ते काळ्या ज्वालामुखी वाळूच्या उतारावर एका कुशीवर पडलंय. सगळ्यात वरचा भाग साधारण ५ मीटरवर, सगळ्यात खालचा ३० मीटरच्या आसपास. नवख्याला आणि मुरलेल्याला एकाच जहाजावर आपापल्या खोलीचं काम मिळतं, असं फार थोड्या ठिकाणी होतं.

आपल्या जवळचेही पर्याय सांगून ठेवतो. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ नावाचा उथळ पाण्यातला सांगाडा आहे. पाणी बालीइतकं स्वच्छ नसतं, पण सरावाला चांगला. आणि निवतीजवळच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतलाय. तो डायव्हर्ससाठी खुला झालेला असेल तर पहिला रेक तिथेच करा, पासपोर्टही लागणार नाही.

आधी डॉक्टर, मग पोहण्याचा तलाव

कोणताही कोर्स सुरू होण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, नियमित औषधं. यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. इथे चलाखी करून सगळीकडे ‘नाही’ लिहिणारे भेटतात. पाण्याखाली तो कागद कुणी बघत नाही, फुप्फुसं मात्र बघतात. कान-नाक-घसा तज्ज्ञाला एकदा कानाचे पडदे दाखवून घ्या. ज्यांना सायनसचा जुनाट त्रास आहे त्यांनी तर दाखवाच. मावा, सिगारेट चालू असेल तर सोडायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

मग अंबाई टँक किंवा जवळचा कुठलाही तलाव गाठा. कोर्सची पोहण्याची अट फार मोठी नाही: न थांबता २०० मीटर पोहणं, वेळेची मर्यादा नाही, आणि १० मिनिटं आधाराशिवाय तरंगणं. घाटावर वाढलेल्याला हे सहज जमतं, म्हणून त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी संथ पोहायचा सराव करा. एक फेरी जितक्या सावकाश होईल तितकी सावकाश, हात अंगाशी धरून, फक्त पायांनी. विहिरीत शिकलेल्यांना बेडकासारखी लाथ येते. ती विसरू नका, जहाजाजवळ तीच ‘फ्रॉग किक’ कामाला येणार आहे. पाय वरखाली आपटले की तळाचा गाळ उडतो, बेडकाच्या लाथेत पाणी मागे जातं आणि गाळ जागच्या जागी राहतो.

स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) मिळत असेल तर नाक पाण्यात उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्यायला शिका. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरणारे बहुतेक जण इथेच अडलेले असतात.

श्वास कोंडून तळाशी किती वेळ बसता येतं ही पैज मात्र आता बंद. स्कूबाचा पहिला नियम आहे की श्वास कधीच कोंडायचा नाही. कारण साधं आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे १ बार, आणि दर १० मीटरला पाणी आणखी १ बारची भर घालतं. १० मीटरवर घेतलेला छातीभर श्वास तसाच कोंडून वर आलात तर पृष्ठभागावर त्याचा आकार दुप्पट होतो. फुप्फुसं दुप्पट फुगत नाहीत, ती फाटतात. विहिरीत बुडी मारणाऱ्याला हा धोका नसतो, कारण तो वरचीच हवा घेऊन खाली जातो. सिलिंडरवाल्याला तो शेवटच्या दोन-तीन मीटरमध्येही असतो.

मालवणला जाऊन काय शिकायचं

मालवण, तारकर्लीला किनाऱ्यावर जे ‘स्कूबा’ म्हणून मिळतं, त्यात प्रशिक्षक तुम्हाला जॅकेटला धरून फिरवतो. अनुभव म्हणून ठीक आहे, पण त्यावर जगात कुठेही जहाजावर सोडत नाहीत. तुम्हाला हवाय ‘ओपन वॉटर’ कोर्स: थोडा अभ्यास, तलावातली किंवा उथळ पाण्यातली कौशल्यं, आणि समुद्रात चार डाइव्ह. तीन-चार दिवस लागतात, आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड मिळतं. लिबर्टीचा बराच चांगला भाग या मर्यादेत बसतो. खालचा टोकाचा भाग बघायचा असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स करा, त्याने मर्यादा ३० मीटरवर जाते.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यातही शिकवणारी केंद्रं बरीच आहेत. पावसाळ्यात आपला समुद्र बंद असतो, म्हणून ऑक्टोबर ते मे या काळात उरकून घ्या. डिसेंबर-जानेवारीत पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळतं. केंद्र निवडताना दर विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती विद्यार्थी असतात? चारपेक्षा जास्त आकडा ऐकलात तर दुसरीकडे चौकशी करा.

मालवणचं पाणी कधीकधी गढूळ असतं, लोक त्यावर नाराज होतात. मला उलट वाटतं. पाच मीटरच्या पलीकडे काही दिसत नाही अशा पाण्यात जो शांत राहायला शिकला, त्याला बालीच्या वीस मीटर दिसणाऱ्या पाण्यात कसलीच धास्ती राहत नाही.

आता घाटाचा मुद्दा, जो पुस्तकात असतो पण कोल्हापूरकराच्या ध्यानात येत नाही. डाइव्हनंतर रक्तात आणि स्नायूंत जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो सावकाश बाहेर पडायला लागतो. बाहेरचा दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणूनच डाइव्हनंतर विमान वर्ज्य. पण गाडीनेही उंची चढतेच! समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेलात की डायव्हिंगच्या हिशोबात ती उंची धरली जाते. कोल्हापूर स्वतः साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आंबोली ६९० मीटर, आणि फोंडा घाटाने या की गगनबावड्याने, चढ टळत नाही. दुपारी शेवटचा डाइव्ह आणि रात्रीच्या जेवणाला घरी, असा बेत आखू नका. त्या रात्री मालवणलाच मुक्काम करा, मासे खा, सकाळी घाट चढा.

बॉयन्सी: सगळी मेख इथेच

कार्ड मिळालं म्हणजे जहाजावर जायची पात्रता आली असं मी मानत नाही. मधे आणखी काही साधे डाइव्ह हवेत, आणि त्या सगळ्यांत एकच गोष्ट घोटायची: पाण्यात ना वर ना खाली, आहे तिथे स्थिर राहणं. यालाच बॉयन्सी सांभाळणं म्हणतात.

सुरुवात वजनापासून होते. कमरेला शिशाची वजनं किती लावायची हे अंदाजाने ठरवू नका. पूर्ण सामान घालून खोल पाण्यात उभे राहा, डायव्हिंगच्या जॅकेटमध्ये हवा भरता-सोडता येते, ती सगळी सोडा, साधा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखे खाली गेलात तर वजन जास्त आहे. नवख्यांना जास्त वजनच लावलं जातं, कारण खाली नेणं प्रशिक्षकाला सोपं पडतं. मग खाली गेल्यावर ते ओझं तोलायला जॅकेटमध्ये भरपूर हवा भरावी लागते, ती हवा प्रत्येक मीटरला फुगते-आक्रसते, आणि माणूस लंबकासारखा वरखाली होत राहतो.

दोन बारकावे. तलावाच्या गोड्या पाण्यात जमलेलं वजन समुद्रात कमी पडतं, कारण खारं पाणी जास्त उचलतं. मध्यम बांध्याच्या माणसाला दोनेक किलोचा फरक पडतो. दुसरं, नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधली हवा वापरली गेली की डाइव्हच्या शेवटी सिलिंडर सुमारे दोन किलोने हलका झालेला असतो. सुरुवातीला अगदी काठावर वजन ठेवलं तर शेवटी वर येताना ५ मीटरवर थांबायच्या वेळी तुम्ही बुचासारखे वर जाल. म्हणून वजन तपासायचं ते डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना.

त्यानंतरचं सगळं फुप्फुसांवर. जॅकेटचं बटण दाबून खोली सांभाळणारा शिकाऊ, श्वासाने सांभाळणारा तयार. लांब श्वास आत घेतला की दोन-तीन सेकंदांनी तुम्ही किंचित वर येता, सोडला की किंचित खाली. तो उशीर अंगवळणी पडायला हवा. सराव असा करा: हात छातीशी बांधा, वाळूपासून एक मीटरवर आडवे राहा, आणि एकही लाथ न मारता तीन मिनिटं तिथेच राहा. हात सुटून वल्ह्यासारखे मारावेसे वाटतील. घाटावरचा माणूस हात मारणारच. ते थांबले तर तुम्ही तुलांबेनला निघायला मोकळे.

हवेचा हिशोब

हा कागदावर मांडून बघा. नेहमीच्या सिलिंडरची क्षमता सुमारे ११ लिटर, भरलेला असताना २०० बार. म्हणजे साधारण २२०० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ ते २० लिटर वापरतो, धडपडणारा ३०. आपण २० धरू. २० मीटर खोलीवर दाब ३ बार, म्हणून खर्च तिप्पट: मिनिटाला ६० लिटर. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला १५० बार, साडेसोळाशे लिटर. भागाकार केला की २७-२८ मिनिटं. हीच हवा १० मीटरवर चाळीस मिनिटं पुरते. धडपडणाऱ्याला २० मीटरवर अठराच मिनिटं.

हवा वाचवायला श्वास अडवू नका, हालचाल कमी करा. घाईची सवय सोडायची ती यासाठी.

शिवाय हवा उरली तरी वेळ उरतोच असं नाही. नेहमीच्या तक्त्यांनुसार मधे सक्तीने न थांबता थेट वर येता यावं म्हणून १८ मीटरवर राहण्याची मर्यादा ५६ मिनिटं, ३० मीटरवर अवघी २० मिनिटं. डाइव्ह कॉम्प्युटर हा हिशोब सतत करतो. तो भाड्याने घ्या, पण प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा हवा. दोघांत एक चालत नाही.

बालीचा बेत

कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, तेव्हा समुद्र सहसा शांत आणि पाणी स्वच्छ असतं. आपल्याकडे पाऊस कोसळत असताना तिकडे डायव्हिंग चालतं, हा शेती-धंद्यातल्या माणसासाठी मोठा फायदा. कोल्हापूरहून मुंबई किंवा बंगळूर गाठायचं, तिथून थेट किंवा सिंगापूर, क्वालालंपूरमार्गे बालीतलं देनपसार. भारतीयांना विमानतळावर पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. शिवाय २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियांचा वेगळा कर आहे. लाखांचे आकडे ऐकून दचकू नका, त्यांचं चलनच तसं आहे. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

विमा घेताना त्यात स्कूबा आणि तुमची खोली लिहिलेली आहे का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात अनेकदा ते वगळलेलं असतं. डायव्हर्ससाठीचा वेगळा विमा मिळतो, तो घ्याच. नायट्रोजनचे बुडबुडे झालेल्याला ज्या वाढीव दाबाच्या खोलीत ठेवतात, त्या दाबकक्षातले उपचार स्वस्त नसतात आणि सर्वांत जवळचा दाबकक्ष देनपसारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे, तुलांबेनपासून गाडीने अडीच-तीन तास.

मुक्काम कुटा, सेमिन्याकला नको, तुलांबेनलाच करा. दक्षिण बालीतून एका दिवसासाठी येणाऱ्या गाड्या सकाळी उशिरा पोचतात आणि दुपारपर्यंत जहाजावर रंकाळ्याच्या रविवार संध्याकाळइतकी गर्दी होते. गावात राहणाऱ्याला पहाटेचं आणि संध्याकाळचं जहाज मोकळं मिळतं.

सामानात स्वतःचा मास्क न्या, चेहऱ्याला बसणारा. कोल्हापुरात बसून ऑनलाइन मागवलात तर तो पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास ओढा. चिकटून राहिला तर बरोबर. मिशीवाल्यांनी वरच्या ओठाजवळची मिशी बारीक करावी, नाहीतर पाणी झिरपत राहतं. मिशीचा पीळ परत आल्यावर. दुसरी घ्यायची वस्तू म्हणजे जाड तळव्याचे बूट. तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही, गुळगुळीत गोल गोट्यांचा आहे. बाकी सगळं तिथे भाड्याने मिळतं. पाणी २६ ते २९ अंश असतं, ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये कधी थंड प्रवाह येतो, थंडी लवकर भरणाऱ्यांनी जाड सूट मागावा.

पाण्यात शिरणं आणि बाहेर येणं

तुलांबेनला लोक जखमी होतात ते बहुतेक किनाऱ्यावर. पाठीवर वीस किलोचं ओझं, पायाखाली सरकते गोटे आणि गुडघ्यात लाट. सिलिंडर किनाऱ्यापर्यंत गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात, एकीच्या डोक्यावर दोन-दोन असतात आणि पायात साधी चप्पल. त्यांची मजुरी केंद्राच्या बिलात असते, तरी वेगळी बक्षिसी द्या.

शिरताना फिन्स (पायात घालायचे पंखे) हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारा तुकडा) तोंडात, जॅकेट अर्धं फुगवलेलं. लाटा मोजा. दोन-तीन मोठ्या येऊन गेल्या की थोडी उसंत मिळते, तेव्हा बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचा, हात धरून बाजूने सरकत कमरेइतक्या पाण्यापर्यंत चला, मग आडवे व्हा आणि तरंगत फिन्स घाला. मधेच उभं राहून फिन्स घालायला गेलात की लाट पाडतेच. बाहेर येतानाही तोच क्रम उलटा, आणि कोरडे दगड पायाखाली येईपर्यंत रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. पडलात तर उठायची धडपड न करता चार पायांवर रांगत या. दिसायला बरं दिसत नाही, पण गुडघे शाबूत राहतात.

डाइव्हचा क्रम

पहिल्या दिवशी थेट जहाजावर जाऊ नका. शेजारी ‘कोरल गार्डन’ नावाची उथळ जागा आहे, तिथे पहिला डाइव्ह करा: वजन तपासा, मास्कमधलं पाणी काढून बघा, कान मोकळे होतायत का बघा. कान दुखायच्या आधीच, प्रत्येक मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. मोकळे होत नसतील तर मीटरभर वर येऊन पुन्हा. सर्दी असेल तर तो दिवस किनाऱ्यावर, औषध घेऊनही पाण्यात नाही. औषधाचा असर पाण्याखाली उतरला तर हवा सायनसमध्ये अडकते.

दुसरा डाइव्ह जहाजाचा, १५-१८ मीटरपर्यंत. आधी वाळूच्या उताराने खोल बाजूला जा, मग सावकाश वर येत उथळ भागात संपवा. खोल भाग आधी, उथळ नंतर. वाळूत बागेतल्या रोपांसारखे डोलणारे गार्डन ईल दिसतील, जवळ गेलात की बिळात. जहाजाची पहिली झलक काळसर भिंतीसारखी असते. मग डोळा सरावतो आणि त्या भिंतीत फासळ्या, बॉयलर, प्रवाळाने मढलेली तोफ वेगवेगळी दिसायला लागतात. टॉर्च दिवसाही न्या. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च टाकला की तीच करडी फांदी लालभडक निघते.

तिसरा डाइव्ह पहाटेचा. डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पॅरटफिश रात्रभर जहाजात झोपतात आणि उजाडताना कळपाने बाहेर पडतात. त्यासाठी सहाच्या सुमारास पाण्यात असायला हवं. ॲडव्हान्स्ड कार्डवाल्यांनी खालचा भाग या वेळी करावा, कारण दिवसातला सर्वांत खोल डाइव्ह पहिला असलेला बरा. ३० मीटरच्या आसपास काहींना किंचित नशा चढल्यासारखं होतं, उगाच हसू येतं किंवा उगाच भीती वाटते. पाच मीटर वर या, उतरते.

आत शिरण्याबद्दल. लिबर्टी इतकं मोडलंय की अनेक जागी भिंतीच उरल्या नाहीत, आरपार उजेड दिसतो. वाटाड्या नेईल तर अशा उघड्या कमानीतून जायला हरकत नाही. पण ज्या भोकाच्या पलीकडचं पाणी दिसत नाही, तिथे डोकंही घालायचं नाही. आत गाळ असतो, एक लाथ बसली की स्वतःचा हात दिसत नाही, आणि डोक्यावर पत्रा असल्यामुळे सरळ वर येता येत नाही. त्यासाठी दोर, रीळ, जास्तीची हवा आणि वेगळं प्रशिक्षण लागतं.

कशालाही हात लावू नका. गंजलेली कड कापते, अग्निप्रवाळ भाजल्यासारखा डाग देतो, आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश खरोखर दगडासारखाच दिसतो. लायनफिशचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवतात. त्याने वेदना उतरतात. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. मोठा ट्रिगरफिश अंगावर धावून आला तर तुम्ही त्याच्या घरट्यावर आहात. ते क्षेत्र वरच्या बाजूला पसरत जाणाऱ्या शंकूसारखं असतं, म्हणून वर न जाता आडवे बाजूला व्हा.

१०० बार उरले की परतीची दिशा. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा. लिबर्टीचा वरचा भाग नेमका तिथेच असल्याने ही तीन मिनिटं कंटाळवाणी जात नाहीत.

खुणांमध्ये एक आपल्याकडे नेहमी चुकते: अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ असा अर्थ पाण्याखाली होत नाही, त्याचा अर्थ ‘वर चला’. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करा. हवा संपली तर तळहात गळ्यावरून आडवा फिरवायचा आणि बडीचा जादाचा, पिवळा रेग्युलेटर घ्यायचा. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, नाही सापडला तर दोघांनीही वर यायचं.

परतताना

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाच्या आधी किमान १८ तास, मी तर पूर्ण दिवस सोडायला सांगेन. हा रिकामा दिवस लोक ज्वालामुखी बघायला वापरतात, आणि तिथेच पुन्हा घाटाचा प्रश्न येतो: किंतामणीचा कडा सुमारे दीड हजार मीटरवर आहे. डोंगराकडचं फिरणं डायव्हिंगच्या आधी उरका, नंतरचा दिवस किनाऱ्यालगत घालवा. गाडीवाल्याला तसं आधीच सांगा, कारण दक्षिणेकडे परतताना काही जण डोंगरातून नेतात.

सांध्यात दुखणं, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, न पेलणारा थकवा, चक्कर ही लक्षणं डाइव्हनंतरच्या पहिल्या दिवसात दिसली तर झोपून बघू असं करू नका. शुद्ध ऑक्सिजन सुरू करून दाबकक्षाकडे निघायचं असतं. लक्षणं घरी पोचल्यावर सुरू झाली तर कोल्हापुरातल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की तुम्ही अमुक दिवशी अमुक खोलीवर सिलिंडर लावून गेला होता. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि डाइव्ह कॉम्प्युटरमधली नोंद किंवा तिचा फोटो सोबत ठेवा.